स्वाधीन

‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा उशिरा येतात. माणूस गेला की येतात, ठरलेलं लग्न मोडलं की येतात, तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत आपटी खाल्ली की येतात. चांगलं काही झालं तरी देवाचं नाव निघतं, नाही असं नाही. पण तेव्हा शब्द बदलतो. पोराला नोकरी लागली तर ती देवाची ‘कृपा’ आणि नोकरी गेली तर ती देवाची ‘इच्छा’. बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण वर्षानुवर्षं असं बोलून आपण देवाच्या इच्छेला वाईट बातमीचं दुसरं नाव करून टाकलं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या कंपनीत एका मंगळवारी अकरा जणांची टीम सहा जणांची झाली. त्या संध्याकाळी ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर, नोकरी गेलेला एक सहकारी मला म्हणाला, “जाऊ दे गं, देवाची मर्जी.” त्याला तेवढ्यापुरता धीर आला असेल, तर तो काढून घेणारी मी कोण? पण पनवेल लोकलमध्ये बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. ती यादी कुणीतरी माणसानं केली होती. कुठल्यातरी एक्सेल शीटमध्ये पाच ओळींना रंग दिला गेला होता. नावं कुणी निवडली, कशावरून निवडली, हे विचारायचं राहून गेलं, कारण मध्येच देव आला.

मी मराठी ख्रिस्ती घरातली. आजोबा राहुरी तालुक्यातले, पप्पा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही कोपरखैरणेकर झालो. आमच्या घरात देवाची इच्छा हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. प्रभूची प्रार्थना लहानपणी ‘बडबडगीता’सारखी पाठ होते आणि तिच्यात देवाची इच्छा पूर्ण होवो, असं मागणं आहे. म्हणजे निदान कागदावर तरी ख्रिस्ती माणूस हे शब्द घटना घडून गेल्यावर म्हणत नाही. सकाळी उठल्यावर, अजून काहीच घडलेलं नसताना म्हणतो. इच्छा कुणाची चालू द्यायची, याचा निर्णय दिवस सुरू होण्याआधी करायचा असतो.

पण आधी म्हटलं म्हणून प्रश्न सुटत नाही. आधी म्हणण्यातही पळवाट काढता येते. मुलाखतीच्या आदल्या रात्री आपण म्हणतो, “प्रभू, ही नोकरी मिळू दे, पण तुझी इच्छा असेल तरच.” हे ‘असेल तरच’ पुष्कळदा म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी घाईघाईनं वाचलेल्या सूचनेसारखं असतं. नोकरी नाही मिळाली तर देव तोंडघशी पडायला नको आणि आपल्यालाही फार लागायला नको, म्हणून आधीच केलेली तजवीज. दुसरी पळवाट याहून शांत दिसते. काही हवंच असं म्हणायचं नाही. “मला काय, तो ठेवेल तसं राहायचं.” ऐकायला हे फार पोचलेलं वाटतं. पण ज्याला काही नकोच आहे, तो देवाला देणार काय? रविवारी दानार्पणाच्या वेळी रिकामं पाकीट नीट चिकटवून पिशवीत टाकावं, तसं ते होतं. बाहेरून कळत नाही, इतकंच.

समर्पणाचा नमुना म्हणून ख्रिस्ती माणूस ज्या प्रसंगाकडे बघतो, तो गेथशेमाने बागेतला आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही तो लिहिला आहे. येशूला अटक होण्याच्या आदल्या घटका आहेत. पुढे काय वाढून ठेवलंय, ते त्याला दिसतंय. तो देवाकडे काय मागतो? आधी स्वतःला काय हवंय ते मागतो: हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळावा. आणि मग म्हणतो की, तरीही माझ्या इच्छेचं नाही, तुझ्या इच्छेचं होवो. आपल्या प्रवचनांत बहुतेक वेळा दुसरं वाक्य उचललं जातं. पहिलं वाक्य जणू कमकुवतपणाचा एक क्षण होता आणि दुसऱ्यात त्यानं तो सावरून घेतला, अशा थाटात सांगितलं जातं.

मत्तयाच्या वर्णनात मात्र तो एकदा म्हणून मोकळा होत नाही. तीनदा जाऊन प्रार्थना करतो. लूकच्या प्रतींत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत असल्याचं येतं. हे शांत माणसाचं चित्र नव्हे. त्या बागेत त्या रात्री शांत कोण होतं, ते बघितलं तर गंमत वाटते: त्याचे शिष्य. ते झोपले होते. जे होईल ते होईल, असा चेहरा करायचा तर झोपलेल्या माणसाइतका दुसऱ्या कुणालाच जमत नाही. आपण ज्याला समर्पण म्हणून डोक्यावर घेतो, ती पुष्कळदा या शिष्यांची झोप असते.

हे मला बायबल वाचून कळलं, असं म्हणता येणार नाही. आईमुळे कळलं. तिच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते. रोज रात्री आम्ही तिघं बसून प्रार्थना करायचो. चौथ्या रात्री आईनं एकदम स्पष्ट म्हटलं, “प्रभू, मला जगायचंय. मला अजून पुष्कळ बघायचंय. मला हे नकोय.” पप्पांनी प्रार्थना संपल्यावर तिला हळूच समजावलं, “असं मागू नये गं. त्याच्या इच्छेवर सोडावं.” आई म्हणाली, “सोडते की. पण काय सोडतेय ते आधी सांगू तर द्या.”

रिपोर्ट आम्हाला नको होता तसाच आला. पुढचे सात महिने खारघरच्या टाटाच्या केंद्रात गेले. आई आज आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी असते. प्रार्थनेमुळे ती बरी झाली, अशी साक्ष द्यायला मी हे लिहीत नाही. त्याच वेटिंग हॉलमध्ये तिच्याहून जास्त श्रद्धेनं प्रार्थना करणारी माणसं होती आणि त्यातली काही आज नाहीत. मी फक्त तिच्या वाक्याकडे बोट दाखवतेय. सोडायच्या आधी काय सोडतोय ते माहीत असायला हवं.

मराठी भाषेनं हे फार आधी ओळखलंय असं मला वाटतं. आमच्या प्रार्थनांमध्ये एक शब्द सारखा येतो: ‘स्वाधीन’. “प्रभू, मी स्वतःला तुझ्या स्वाधीन करते.” पाळक म्हणतात, आजी म्हणायची, तरुण संघातली पोरंही म्हणतात. शब्द फोडून बघा. स्व अधिक अधीन. जे स्वतःच्या ताब्यात आहे ते. पराधीनच्या नेमका उलट. आणि तोच शब्द आपण दुसऱ्याच्या हाती सोपवण्यासाठी वापरतो. चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतात, किल्ल्या मालकाच्या स्वाधीन करतात. एका शब्दात हे दोन अर्थ कसे नांदतात, ते व्याकरणाचे जाणकार सांगतील. मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते. जे आधी माझ्या ताब्यात आहे, तेच मी दुसऱ्याच्या ताब्यात देऊ शकते. किल्ली माझ्या खिशात असेल तर ती द्यायची की नाही, हा प्रश्न येतो. नसेल तर मी नुसतीच रिकाम्या हातानं नम्र होऊन उभी आहे.

महाराष्ट्रातल्या भक्तीला हे नवीन नाही. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, तुकोबा त्याच्याशी भांडतात, त्याला ऋणको ठरवतात, जाब विचारतात. आणि याच माणसांना आपण देवाला सर्वस्व वाहिलेले म्हणतो. त्यांच्या भांडणाकडे आपण लाडिकपणा म्हणून बघतो, पण तुकोबांच्या घरात दुष्काळानं माणसं मेली होती. ते भांडण खरं होतं. नारायण वामन टिळकांना ख्रिस्तापर्यंत पोचताना याच तुकोबांचा पूल वाटला, असं ते स्वतः मानत. म्हणजे आम्ही रविवारी टिळकांची भजनं गातो, तेव्हा त्या देण्याघेण्यात देहूचंही काही मिसळलेलं असतं.

टिळकांचं नाव आलंच आहे, तर इथे थांबून त्यांच्या घरात डोकावायला हवं. कारण आतापर्यंत मी समर्पणाबद्दल असं बोलले, जणू एक माणूस आणि एक देव, एवढाच मामला आहे. घरात तिसरं माणूस असतं.

1893 च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशानं टिळकांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या बाजूनं बघितलं तर ही समर्पणाची मोठी गोष्ट आहे. चित्पावन घरातला, नाव मिळवत असलेला कवी सगळी प्रतिष्ठा सोडून, जातीबाहेर पडून निघाला. पण त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या बाजूनं बघा. तिला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं आपली इच्छा देवाला वाहिली आणि तिचं घर गेलं. ती पंढरपूरला नातेवाइकांकडे, पदरात लहान मुलगा. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्यांचा विरह साडेचार-पाच वर्षांचा होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसत असतो, कारण बाई सांगतात त्याच ढंगानं. पण तिचा त्या काळातला आकांत त्या हसण्याखाली लपत नाही.

टिळक चुकले, असा निकाल द्यायला मी हे सांगत नाही. सव्वाशे वर्षांनंतर इथे बसून तसं म्हणणं सोपं आहे. मला दिसतं ते इतकंच की, एकाच्या समर्पणाची किंमत दुसऱ्याकडून वसूल होऊ शकते. आणि देणाऱ्याला ते दिसतंच असं नाही, कारण त्याचं तोंड देवाकडे असतं.

आणि लक्ष्मीबाई? पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. अहमदनगरला आपली चूल वेगळी ठेवून, सोवळं सांभाळून राहिल्या. नवऱ्याचा देव तो माझा देव, असं म्हणून टाकलं असतं तर बाहेरच्या जगाला ते पतिव्रतेचं समर्पण वाटलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सोडवला, मग कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर, 1900 मध्ये, बाप्तिस्मा घेतला. एवढी वर्षं किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली म्हणून ती दिली तेव्हा ती त्यांची होती. पुढे टिळकांच्या मागे राहून गेलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरं केलं. नुसत्या मागे ओढल्या गेलेल्या बाईच्या हातून एवढं काम झालं असतं, असं मला वाटत नाही.

त्यांच्याही आधी एका मराठी बाईनं हा प्रश्न आणखी पुढे नेला होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाईंचा आणि त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं 1977 मध्ये पुस्तकरूपात काढला. तो वाचताना आजही चकित व्हायला होतं. नुकतीच ख्रिस्ती झालेली, परक्या देशातली, लेकीसह दुसऱ्यांच्या आधारानं राहणारी पंचविशीतली विधवा. तिनं नम्र व्हावं, आज्ञा पाळावी, ही अपेक्षा. आणि रमाबाई पत्रामागून पत्र लिहून विचारतायत: हे मी का मानू? हे पवित्र शास्त्रात कुठे आहे? तिनं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं चर्चच्या वरिष्ठांचं मत पडलं, तेही त्यांनी निमूट स्वीकारलं नाही. मोठ्या कष्टानं त्या एका पुरोहितवर्गाच्या ताब्यातून सुटल्या होत्या. लगेच दुसऱ्याच्या ताब्यात जायची त्यांची तयारी नव्हती.

सिस्टर जेराल्डिनना हे गर्व वाटलं. पण याच रमाबाईंनी पुढचं सगळं आयुष्य देवावर भिस्त ठेवून काढलं. म्हणजे इच्छा सोडायला त्यांची ना नव्हती. देवाच्या स्वाधीन होणं आणि देवाच्या नावानं बोलणाऱ्याच्या स्वाधीन होणं, यातली रेघ त्या पुसू देत नव्हत्या.

ही रेघ मला आमच्या इथे, पंधराएक मिनिटांच्या अंतरावर, पुसलेली दिसली. ओळखीतली एक ताई आहे. नवरा मारायचा. वडीलधाऱ्यांच्या कानावर गेलं, तेव्हा दोन-तीन बायका तिच्या घरी प्रार्थनेला गेल्या. प्रेमानंच गेल्या. त्यांनी तिच्यासाठी अश्रू गाळले आणि सांगितलं की, तू स्वतःला प्रभूच्या हाती सोपव, आपला वधस्तंभ उचल, तो योग्य वेळी सगळं बदलेल. नंतर एकदा रिक्षाची वाट बघत असताना तिनं मला विचारलं, “देवाला हेच हवं असेल का गं?”

तिच्या प्रश्नामुळे मला त्या सल्ल्याचा हिशोब मांडावासा वाटला. सोडायला कुणाला सांगितलं? तिला. काय सोडायला सांगितलं? शरीर, झोप, बोलायचा हक्क. त्याचा फायदा कुणाला? नवऱ्याला. आणि त्याला कुणी काय सोडायला सांगितलं? काही नाही. त्याची इच्छा जशीच्या तशी शाबूत. मग त्या घरात कुणाची इच्छा पूर्ण होत होती? देवाचं नाव घेऊन एका माणसाचीच.

ख्रिस्ती विश्वासात दुःख सोसण्याला जागा आहे, मोठी जागा आहे. ते मी नाकारत नाही. पण वधस्तंभ उचलण्याचं बोलावणं ज्याचं त्याला आहे. तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून देण्याची मुभा कुणालाच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वच्छ सांगतो की, त्याचा प्राण कुणी हिसकावून घेत नाहीये, तो स्वतः देतोय. गेथशेमाने बागेतही त्याला कुणी ‘इच्छा सोड’ म्हणून समजवायला बसलं नव्हतं. तलवारी आणि सोटे घेऊन आलेली माणसं देवाची इच्छा पार पाडायला निघाली नव्हती. ती आपापली इच्छा पार पाडायला निघाली होती. म्हणून मी एक साधा नियम धरलाय: समर्पण हे क्रियापद प्रथम पुरुष एकवचनातच चालतं. ‘मी सोडते’ म्हणता येतं. ‘तू सोड’ म्हटलं की त्याचा अर्थ बदलतो. त्या ताईनं 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली अर्ज केला, आता ती माहेरी राहते आणि रविवारी उपासनेला येते. प्रार्थना करायची तिनं थांबवलेली नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग उरलं काय? आपली इच्छा ओळखा, ती ठणकावून सांगा, कुणाला तिच्यावर हात टाकू देऊ नका. हे तर इन्स्टाग्रामवरची कुठलीही रील सांगते. त्यासाठी देव कशाला हवा? आक्षेप बरोबर आहे आणि तो माझ्यासारखीला जास्त लागू आहे. शिकलेली, कमावती, ‘नाही’ म्हणता येणारी. माझ्या बाबतीत धोका उलट बाजूचा आहे. मी पहिल्या वाक्यावरच थांबेन आणि माझ्या इच्छेवर देवाचा शिक्का मारून मोकळी होईन. गेथशेमानेतली प्रार्थना पहिल्या वाक्यावर थांबली असती, तर आज कुणी तिची आठवण काढली नसती.

आईची केमो चालू असताना मला बेंगळुरूला टीम लीडची जागा देऊ केली गेली. चार वर्षं मी ती मागत होते. घरातून कुणी ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही. उलट आईच म्हणाली, जा. मला जायचं होतं. हे मी देवाला चांगल्या शब्दांत सांगितलं नाही, चिडून सांगितलं. दोन रात्री तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी नकार कळवला. ती देवाची इच्छा होती का? माहीत नाही, तसा मेसेज कुठून आला नाही. पण मी सोडलं ते माझं होतं, मला हवं असलेलं होतं आणि त्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या नावावर फाडलं नाही, एवढं खात्रीनं सांगता येतं. आणि हातातून काही निसटणं आणि आपण हात उघडणं, यात काय फरक असतो, तेही तेव्हा कळलं. दोन्ही वेळा हात रिकामाच होतो. पण पहिल्या वेळी मूठ वळलेलीच राहते.

त्या महिन्यांत आणखी एक गोष्ट दिसली. इच्छा सोडल्यावर काम कमी होत नाही, वाढतं. ‘त्याच्यावर सोडलंय’ म्हणणाऱ्या आईनं एकही अपॉइंटमेंट चुकवली नाही. तिची फाइल वॉर्डमधल्या कुठल्याही फाइलपेक्षा नीट लावलेली असायची. रमाबाईंकडे परत बघा. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणून केडगावला ठेवल्या. पैशांसाठी भिस्त प्रार्थनेवर. पण प्रार्थना करून त्या पावसाची वाट बघत बसल्या नाहीत, विहिरी खणल्या. शेती, विणकाम, छापखाना उभा केला. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर एकटीनं करायला घेतलं. आपल्यामागे काम सांभाळेल अशी आशा होती ती लेक मनोरमा 1921 मध्ये गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या; शेवटची मुद्रितं तपासून व्हावीत म्हणून त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, अशी आठवण सांगतात. ती किती खरी, यापेक्षा तिच्यातलं मागणं मला पटतं. सगळं सोडून बसलेली बाई मरताना दहा दिवस मागते, तेही कामासाठी.

रोजच्या जगण्यात या गोष्टी इतक्या मोठ्या नसतात. बहुतेक दिवशी माझ्यासमोर ना वधस्तंभ असतो ना केडगाव. ठाणे-बेलापूर रोडचा ट्रॅफिक असतो, ऑन-कॉलचा आठवडा असतो, मीटिंगमध्ये माझी कल्पना स्वतःची म्हणून मांडणारा कुणीतरी असतो. इथेही दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. कोड नीट लिहिणं, अन्याय झाला तर तोंडावर बोलणं, पगाराबद्दल विचारणं, हे माझ्या हातातलं आहे आणि ते देवावर ढकलणं म्हणजे कामचुकारपणा. पण लोकांनी मला हुशारच म्हणावं, प्रत्येक वाद मीच जिंकावा, जे मी नीट केलं त्याचं फळ मला हवं त्याच आकारात यावं, ही जी वळलेली मूठ आहे, ती उघडता येते. रोज नाही जमत. ज्या दिवशी जमतं, त्या दिवशी घरी येताना खांदे हलके असतात आणि काम मात्र तेवढंच झालेलं असतं.

प्रभूच्या प्रार्थनेतला क्रम मला अलीकडे फार आवडतो. देवाची इच्छा पूर्ण होवो, असं म्हणून झाल्यावर लगेच पुढचं मागणं भाकरीचं आहे. आजच्या भाकरीचं. स्वतःची इच्छा देवाला देऊन टाकलेल्या माणसानं खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण ज्यानं ही प्रार्थना शिकवली, त्यानं तसं शिकवलं नाही. दिल्यानंतरही पोटाला भूक लागते आणि ती देवाला सांगायची असते. उद्या सकाळी पुन्हा देवाची इच्छा आधी, पुन्हा भाकर नंतर. म्हणून मी आता ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणायच्या आधी क्षणभर थांबते आणि आज मला काय हवंय, ते स्वतःला विचारून घेते. उत्तर कधीकधी लाजिरवाणं असतं, कधी फारच किरकोळ. पण तेच माझ्या खिशात असतं आणि द्यायला माझ्याकडे दुसरं काही नसतं.